मिस हडकर यांचे पालक

भिलाई,
९ ऑगस्ट १९५९

बाय,

परत तेच. मी तुला चार पानं लिहायची, आणि तू तीच चार पानं लाल शाईने रंगवून मला परत पाठवायची. वर लिहिलंस ‘तेहेतीस चुका’ आणि खाली गोल काढलास. इथे बराकीत आम्ही सतरा जण राहतो, त्यांनी तो कागद भिंतीला चिकटवलाय. बिहारी पोरांना मराठी येत नाही, पण लाल शाई सगळ्या देशाला कळते. मी सातवीत नापास झालो तेव्हापासूनचं आपलं हे भांडण आहे, आणि मी अजून सांगतो, त्या वर्षी मास्तर चुकले होते.

बरं, चुका मोजल्यास ते मोजल्यास, पण विचारलं त्याचं उत्तर कुठाय? मी विचारलं होतं, कॉलेजाने या वर्षी तरी तुला कायम केलं का. त्यावर तुझी एक ओळ: ‘२० एप्रिलला नेहमीप्रमाणे मुक्त केलं, २० जूनला नेहमीप्रमाणे घेतलं.’ हे चौथं वर्ष ना? आणि वर ‘नेहमीप्रमाणे’. जसं काय पंचांगातच लिहिलंय.

बाय, तू एम.एस्सी. झालीस, तुला अणुरेणू दिसतात, मग हे कसं दिसत नाही? तू बदली आहेस. बदली कामगार. बाबा सांगायचे तसा. सकाळी गिरणीच्या गेटवर कार्ड घेऊन उभं राहायचं, कायमवाला आला नाही तर आत, आला तर चहा पिऊन घरी. फरक एवढाच की बदलीवाल्याला आपण कोण ते रोज सकाळी कळतं, तुला वर्षातून एकदा इंग्रजीत टाइप करून कळवतात.

आणि तुझा तो रसायनशास्त्राचा हेड, तो जॉबर, गेटवर कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा. जॉबरला काय लागतं हे आख्ख्या लालबागला ठाऊक आहे. कोंबडी, बाटली, नाहीतर पाया पडणं. तू कोंबडी नेणार नाहीस, बाटली त्याला डॉक्टरने बंद केली असेल, आणि पाया पडायला तुझी मान वाकत नाही. मग व्हायचं कसं?

आमच्याकडे एक रशियन बाई आहे, नीना मॅडम. डोक्याला रुमाल, पायात गमबूट, इंजिनिअर. वेल्डिंग तपासते. मी इथे खलाशी, म्हणजे जहाजावरचा नव्हे, क्रेनला माल बांधणारा. गाठ चुकली की खालचा माणूस गेला. परवा तिने आमच्या हेडमिस्त्रीला दोनशे माणसांसमोर असा झापला की दुभाष्याने लाजून अर्धंच सांगितलं. नंतर मिस्त्री म्हणतो, बाई आहे पण काम चोख. मी म्हटलं, मिस्त्री, तुम्ही तर पुरुष आहात, मग तुमचं काय झालं? तेव्हापासून मला रोज सगळ्यात उंच ठिकाणी चढवतायत.

आईला सांग खोकला बरा आहे.

दौलत

काळाचौकी,
२४ ऑगस्ट १९५९

चि. दौलत,

या वेळी चुका मोजल्या नाहीत, कारण मला तुझ्याकडे काम आहे.

कॉलेजातून एका माणसाला वर्षभर बंगलोरला संशोधनाच्या शिक्षणाला पाठवायचं ठरलंय. पगार चालू राहणार, आणि परत आल्यावर त्याला कायम लेक्चरर करणार. आमच्या विभागातून दोन अर्ज गेलेत. एक माझा, एक जगदीशचा. जगदीश दोन वर्षांपूर्वी लागला, लागला तोच कायम. त्याला ब्युरेट धरायला मी शिकवलं. मी अजून डेमॉन्स्ट्रेटर. लेडीज कॉमन रूम, गॅदरिंगची रांगोळी आणि प्रमुख पाहुण्यांचा हार, ही खाती माझ्याकडे. हेड म्हणतात, बायकांचा हात वेगळाच असतो.

आता अट. महिला उमेदवार असेल तर तिच्या पुरुष पालकाचं संमतिपत्र हवं, आणि शिवाय तीन वर्षं तिचं लग्न करणार नाही अशी त्याची लेखी हमी. जगदीशकडून असलं काही मागितलेलं नाही. त्याचं मे महिन्यात लग्न झालं. पेढे वाटले तेव्हा हेड म्हणाले, आता हा स्थिर झाला.

मी म्हटलं, वडील वारले, आई आहे. प्रिन्सिपॉल म्हणाले, आई नको, पुरुष हवा. माहीमचे अप्पाकाका आहेत, पण त्यांनी माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवलाय, दोन मुलांसकट. ते हमीऐवजी मुहूर्त लिहून देतील. राहिलास तू. तू तेवीस वर्षांचा, मी अठ्ठावीसची. तुझं नाव शाळेत मी जाऊन घातलं होतं. असो.

सोबत इंग्रजीत टाइप केलेला मसुदा आहे. खाली सही कर आणि मला परत पाठव. मला. स्वतःचं एक अक्षर घालू नकोस, विनोद नको. शेवटची तारीख २० सप्टेंबर.

ही जागा मला हवी आहे, दौलत. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रयोगांची भांडी मांडते आहे. मला माझा स्वतःचा एक प्रयोग करायचा आहे.

आई म्हणते, ‘तेका सांग, खोकल्यार मध चाट.’

कौसल्या

भिलाई,
६ सप्टेंबर १९५९

बाय,

मी तुझा पालक. हे वाक्य मी बराकीत मोठ्याने वाचून दाखवलं. त्या जेवणाला एक जण आपणहून माझ्या ताटात कांदा ठेवून गेला.

तुला बंगलोरला पाठवायचं की नाही याचा पालक या नात्याने मी विचार केला. अर्धा दिवस केला. पालकाने लगेच हो म्हटलं तर किंमत राहत नाही. दुपारच्या भोंग्याला हो म्हटलं.

तुझा मसुदा मुनशीकडून समजून घेतला. साफ आहे, पण बाय, असा कागद अडतो. बाबांच्या फंडाचं आठवतं ना? तू आईला सही शिकवलीस, ‘गंगुबाई रामजी हडकर’. आईने ती दर वेळी वेगळी केली, एकदा तर रामजीच विसरली. सही जुळत नाही, सही जुळत नाही, असं करत गिरणीच्या ऑफिसने सात महिने कागद फिरवला. शेवटी तो म्हातारा क्लार्क काय म्हणाला? ‘बाई, ते शिक्षण राहू दे, अंगठा लावा.’ आठ दिवसांत काम झालं. तेव्हा मी शिकलो. सही काय, कुणाचीही कुणीही मारतो. प्रगतिपुस्तकावर बाबांची मीच मारायचो. अंगठा जगात एकाचा एकच.

म्हणून मी अंगठा लावलाय. डावा, नियमाप्रमाणे. साक्षीदार दोन. ठेकेदाराचा मुनशी, त्याने रबरी शिक्का पण मारला. दुसरी नीना मॅडम. तिला दुभाष्याकडून सगळं समजावलं. तिने तीनदा विचारलं, बहीण किती वर्षांची आहे. मग काहीतरी बोलली, दुभाष्या खाली बघायला लागला, आणि तिने रशियनमध्ये दोन ओळी खरडून सही ठोकली.

आणि कागद तुझ्याकडे पाठवलेला नाही. तुझ्याकडून हेडकडे, हेडकडून आत, म्हणजे जॉबरच्या हातातून. थेट प्रिन्सिपॉलच्या नावाने रजिस्टर केला. इंग्रजीखाली चार ओळी मराठीत माझ्या घातल्या, नाहीतर त्यांना पालकाचा स्वभाव कसा कळणार? नक्कल देतो:

‘मी खाली अंगठा लावणार दौलत रामजी हडकर, धंदा खलाशी, लिहून देतो की कौसल्या ही माझी थोरली बहीण असून ती कुणाचं ऐकत नाही. तिला बंगलोरला पाठवायला माझी हरकत नाही, व असती तरी तिने मोजली नसती. लग्नाबद्दल हमी देतो की मी तिचं करणार नाही. तिने स्वतः केल्यास मला धरू नये. तिला चार वर्षं बदलीवर ठेवलंय ते पण साहेबांनी बघावं.’

आता या कागदाला कोण नाही म्हणतो बघू.

तुझा पालक,
दौलत

काळाचौकी,
१६ सप्टेंबर १९५९

दौलत,

काल प्रिन्सिपॉलनी बोलावलं. टेबलावर तुझा कागद होता. तो माझ्यापुढे सरकवताना त्यांनी कोपऱ्याला धरला होता, शाई लागेल म्हणून.

मग हेड तो कागद स्टाफरूममध्ये घेऊन गेले. एकाने शिक्का उजेडात धरून पाहिला. एकाने रशियन ओळी उलट्या धरून वाचल्या. जगदीश म्हणाला, ‘मिस हडकर, तुमच्याकडे अजून अंगठ्याचा कारभार आहे वाटतं.’ सगळे हसले. मीही हसले. मला सगळ्यात जास्त तेच लागलं, की मी हसले.

तुला सही येते. चांगली येते, मी शिकवली आहे. चार वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं, एक सही मागितली.

आता तुला सांगूनच टाकते. कॉलेजात मी सांगितलंय की माझा भाऊ भिलाईला ओव्हरसियर आहे. तिथे एकाचे वडील मामलेदार, एकाचा मेहुणा बॅरिस्टर. कुणी विचारलं की मी काळाचौकी म्हणते, चाळ म्हणत नाही. बाबा ‘कापडाच्या धंद्यात’ होते म्हणते. ओव्हरसियर सोडला तर खोटं एकही नाही आणि खरंही एकही नाही. ते सगळं तू एका अंगठ्यात पुसलंस.

समिती दहा ऑक्टोबरला बसते आहे. तोवर मला लिहू नकोस. नंतरही नको.

कौसल्या

भिलाई,
२८ सप्टेंबर १९५९

बाय,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून थोडक्यात लिहितो.

ओव्हरसियर. या शब्दावर मी दोन दिवस बसून होतो. इथला ओव्हरसियर उन्हात छत्री घेऊन फिरतो, पावसात पण तीच, आणि माल कधी बांधत नाही. म्हणजे वाईट नाही तसं.

पण मी पण इथे एक सांगून ठेवलंय. माझी बहीण मुंबईला कॉलेजात प्रिन्सिपॉल आहे म्हणून. मुनशी त्याशिवाय माझं पत्र टाइप करून देत नव्हता. तेव्हा बाय, आपण दोघांनी एकमेकांना बढती दिलेली आहे, आता कोण कुणावर चिडणार?

चूक झाली. मला वाटलं जे गिरणीत चालतं ते सगळीकडे चालतं. सोबत तुझाच मसुदा परत टाइप करून घेतलाय. खाली माझी सही आहे, तू शिकवलेली, ‘दौलत’च्या ‘त’ला शेपूट नसलेली. एक अक्षर माझं घातलेलं नाही. समितीला हा दे, आणि तो पहिला, अंगठ्याचा कागद एका खुळ्या नोकराने पाठवला म्हणून सांग. मी वाईट मानणार नाही. थोडं मानीन.

आणि एक. छप्पन साली मी नाक्यावर ‘मुंबई आमची’ म्हणून ओरडत होतो, खिशात दगड होते. तू मला कॉलरला धरून जिन्यापर्यंत आणलंस आणि म्हणालीस, मागायचं तर तोंडाने माग. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो आणि पाय मोडून आलो, ते सोड. पण बोललीस ते बरोबर होतं. आता तू माग की. तोंडाने.

दौलत

काळाचौकी,
२ नोव्हेंबर १९५९

चि. दौलत,

तुझी प्रिन्सिपॉल बहीण लिहिते आहे.

समितीत पाच जण होते. मधोमध संस्थेचे अध्यक्ष चिंतामणराव, निवृत्त न्यायाधीश. बाजूला प्रिन्सिपॉल, हेड, आणि दोघे जे फक्त बिस्किटं खात होते. जगदीशलाही त्याच वेळी आत बसवलं होतं. माझ्या पर्समध्ये तुझा दुसरा कागद होता, घडी करून, सहीचा.

चिंतामणरावांनी चष्मा बदलून पहिला कागद वाचला.

‘हे आपले पालक?’

‘हो.’

‘निरक्षर आहेत?’

माझा हात पर्सवर गेला. बटण उघडलं सुद्धा. आणि काय झालं सांगता येत नाही, मी ते परत लावलं.

‘सातवी नापास आहे,’ मी म्हटलं. ‘गिरणीकामगाराचा मुलगा. भिलाईला क्रेनला माल बांधतो.’

‘तसं नव्हे, मिस हडकर,’ हेड म्हणाले, ‘कागदाला काही वजन असावं.’

‘वजनाचं तुमच्या अटीत नाही, सर. पुरुष हवा एवढंच आहे. तो पुरुष आहे. मी पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाले, चार वर्षं तुमची प्रयोगशाळा सांभाळते, पण माझी सही तुम्ही मागितलीच नाहीत. माझ्या सहीपेक्षा या अंगठ्याला जास्त किंमत आहे, हे मी ठरवलेलं नाही.’

बिस्किटं थांबली.

‘आणि हे खाली काय? तेलुगू?’ प्रिन्सिपॉल म्हणाले.

‘रशियन. त्या बाई इंजिनिअर आहेत. त्यांच्या हाताखाली दोनशे माणसं आहेत.’

‘आणि त्यांचे पालक कोण?’ चिंतामणरावांनी विचारलं. थट्टेने विचारलं की खरंच, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नाही, कारण ते तुझ्या मराठी ओळी पुन्हा वाचायला लागले. ‘ती कुणाचं ऐकत नाही’ इथे बोट ठेवून म्हणाले, ‘या दप्तरात इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदा पाहतो आहे.’ मग जगदीशकडे वळले.

‘आपले वडील लिहून देतील का, की तीन वर्षं आपलं लग्न करणार नाहीत?’

‘सर, माझं लग्न झालंय.’

‘मग उशीर झाला,’ चिंतामणराव म्हणाले. ‘अट लावायची तर दोघांना, नाहीतर कुणालाच नको.’ आणि अट खोडली. स्वतःच्या पेनाने.

बाहेर संस्कृतच्या सरोजिनीबाई उभ्या होत्या. बावीस वर्षं नोकरी, केस पांढरे. त्यांनी मला जिन्याखाली नेलं. म्हणाल्या, ‘माझ्या फायलीत आधी वडिलांचं पत्र होतं. ते गेले तेव्हा भावाचं घेतलं. तो गेला, आता पुतण्याचं आहे. एकोणीस वर्षांचा आहे गं. त्याची मुंज मी केली. ते पत्र आता काढून घेता येईल का?’

हे सगळं तुला आवडेल म्हणून आधी लिहिलं. पण त्या दिवशी निकाल लागला नाही. अट गेल्याबरोबर हेडनी सेवेची वर्षं काढली. जगदीशची दोन, सलग. माझी चार, पण चार तुकडे, प्रत्येक दहा महिन्यांचा. दर उन्हाळ्यात मी नोकरीत नसते, म्हणजे दर जूनला नवी. कागदोपत्री मी जगदीशपेक्षा लहान आहे. मार्चअखेर शेवटची बैठक.

दौलत, याला माझ्याकडे उत्तर नाही. रसायनशास्त्रातही नाही.

कौसल्या

भिलाई,
१५ नोव्हेंबर १९५९

बाय,

रसायनात नसेल, गिरणीत आहे.

बदलीवाला आपली हजेरी साहेबाच्या कागदात शोधत नाही. तिथे ती नसतेच. तो गेटच्या वहीत शोधतो. आता नीट आठव. छप्पनच्या मे महिन्यात मी पायाला फळी बांधून घरी पडलो होतो. तू सकाळी डबा घेऊन निघायचीस. मी विचारलं, सुट्टीत कुठे? म्हणालीस, प्रयोगशाळेतलं काचसामान मोजायचंय, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्यात, हेडनी सांगितलंय. संध्याकाळी तुझ्या बोटांना पिवळे डाग असायचे आणि आई म्हणायची, ‘हळद लागली गे तुका.’ तू चिडायचीस.

म्हणजे नोकरीत नसताना तू कुणाच्या बाटल्या मोजत होतीस? आणि कुलूप? कुलूप काय तुझ्या डोळ्यांच्या धाकाने उघडत होतं? किल्ली घेतली असणार, आणि किल्ली घेतली की कुठेतरी सही करावी लागते. प्रयोगशाळा असो नाहीतर आमचं स्टोअर. ती वही शोध. हेडला विचारू नकोस. जो किल्ली देतो त्याला विचार.

पर्समधला कागद दिला नाहीस ते वाचून मी बाहेर जाऊन दोन विड्या ओढल्या. म्हणून खोकला परत आलाय. मध पाठव.

नीना मॅडमने काय लिहिलं ते दुभाष्याने अखेर सांगितलं, पानाच्या बोलीवर. ‘मी या तरुणाला ओळखते. गाठ चांगली बांधतो. पण एवढ्या मोठ्या बहिणीने त्याला कशाला विचारायचं, ते मला दोनदा समजावूनही समजलं नाही.’

दौलत

काळाचौकी,
३ एप्रिल १९६०

चि. दौलत,

पाच महिने लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर निकालाला नजर लागली असती. हसू नकोस, शास्त्र शिकलेल्या माणसालाही असं वाटतं.

वही होती. प्रयोगशाळेचा शिपाई शिवा किल्लीच्या वह्या ॲसिडच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो, कारण तिथे वाळवी लागत नाही. चार उन्हाळे, त्र्याऐंशी सह्या, सगळ्या माझ्या, वेळेसकट. शिवाय शिवाने हेडच्या चिठ्ठ्याही टाचून ठेवल्या होत्या: ‘मिस हडकर यांना किल्ली द्यावी.’ मी म्हटलं, शिवा, हे जपून का ठेवलंत? तो म्हणाला, ‘बाई, उद्या बाटली हरवली तर माझ्या नावावर नको.’

बैठकीत मी वह्या टेबलावर ठेवल्या. चिंतामणरावांनी पानं उलटली. मग हेडना विचारलं, ‘या बाई मे महिन्यात नोकरीत होत्या का?’

‘नाही, सर. तांत्रिकदृष्ट्या नाही.’

‘म्हणजे विषारी द्रव्यांच्या खोलीची किल्ली तुम्ही चार उन्हाळे बाहेरच्या माणसाला दिलीत?’

हेडनी पाणी मागितलं. ते म्हणाले, तसं नाही, त्या आमच्याच. ‘आमच्याच ना?’ चिंतामणराव म्हणाले. ‘मग तसं लिहा.’ आणि लिहिलं. सेवा जून पंचावन्नपासून सलग. पंधरा जूनला मला बंगलोरला हजर व्हायचं आहे. जगदीश पुढच्या वर्षी जाईल. त्याने माझं अभिनंदन केलं, आणि ब्युरेटची नळी कशी साफ करायची ते विचारलं. हे त्याला मी दोनदा शिकवलंय.

सरोजिनीबाईंनी पुतण्याचं पत्र फायलीतून काढून घेतलं. काय केलंत विचारलं तर म्हणाल्या, पापड वाळत घालायला कागद कमी पडत होता.

आता एकच राहिलं. उठता उठता चिंतामणराव म्हणाले, ‘एकट्या कशा जाणार एवढ्या लांब? बंधूंना बोलावून घ्या, ते पोचवतील. तसं पत्र बंगलोरला कळवून टाकू.’ प्रेमाने म्हणाले. प्रिन्सिपॉलनी लगेच टिपून घेतलं: ‘पालकासह येतील.’ आईचंही तेच, ‘एकट्यान जाव नको गे, दौलूक बोलाव.’

मी थकले, दौलत. अंगठ्यावर भांडले, वर्षांवर भांडले, यावर भांडत नाही. तू ये. १ मे रोजी महाराष्ट्र होतो आहे. आतापासून चाळीत पताका कापायला बसलेत. तू पाय मोडून घेतलास त्याचं काहीतरी चीज झालं म्हणायचं, ते बघायला तरी ये. महिनाभर राहा आणि मग मला पोचवून जा.

कौसल्या

भिलाई,
१७ एप्रिल १९६०

बाय,

येत नाही.

आधी पुढचं वाच, मग चिड. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बराकीत सगळ्यांना सांगितलं की माझी बहीण कायम झाली. एक जण म्हणाला, प्रिन्सिपॉल होती ना, आता काय झाली? मी म्हटलं, आता खरी झाली. मिस्त्रीकडे दोन महिन्यांची रजा मागितली, त्याने हसत दिली, मी नसलो की त्याला बरंच असतं. नाक्यावर उभं राहून त्याच जागी एक सोडा प्यायचा, कुणी ओळखलं तर पाय दाखवायचा, असं सगळं ठरवून टाकलं. तुला वाटेल माझं मन नाही म्हणून येत नाही. मन एवढं होतं की दोन दिवस गाठी सैल बांधत होतो, नीना मॅडमने शिव्या घातल्या.

मग काल क्रेनवर बसल्या बसल्या तुझी ती ओळ डोक्यात आली. ‘पालकासह येतील.’ बाय, हे तर परत दप्तरात गेलं. चिंतामणरावांनी पेनाने खोडलं ते त्यांच्याच तोंडाने मागच्या दाराने आत आलं. बंगलोरवाले लिहून ठेवतील, या कॉलेजच्या बायका पालकासह येतात. पुढच्या वेळी दुसरी कुणी मुलगी निघाली, तिला भाऊच नसला तर? तिने काय रशियन बाई शोधायची?

तू थकलीस हे खरं. तर गाडीत बसून थक. दोन दिवसांचा प्रवास आहे, भरपूर थकता येईल.

आणि मी अजून पालक आहे. मला नोकरीवरून मुक्त केल्याचं पत्र कुणी दिलेलं नाही. म्हणून पालक या नात्याने लिहून देतो: कौसल्या रामजी हडकर हिने एकटीने जावं. खिडकीजवळ बसावं. सोबत कोण आहे असं कुणी विचारलं तर पेटीकडे बोट दाखवावं. हा कागद प्रिन्सिपॉलना दे, ‘पालकासह’ खोडायला लाव. या वेळी सही केली आहे, उगाच शंका नको. अंगठा पण लावलाय शेजारी. दोन्ही असलेलं बरं.

आईला सांग, ‘दौलूक रजा गावली नाय.’ तिला हे पटेल. तिला वाटतं सगळे साहेब वाईटच असतात.

तू गेल्यावर तिच्याकडे अप्पाकाका येतील, बिजवराची गोष्ट काढतील. आईला शिकवून जा, त्यांना माझं नाव सांगायचं, म्हणावं पालकाने हमी दिलेली आहे, तीन वर्षं काही होणार नाही. ती अट कॉलेजाने खोडली हे माहीमला कळवायची काय गरज आहे?

दुर्ग ते दादर तिकीट काढलं होतं. आज सकाळी जाऊन परत केलं. रेल्वेने आपलं कापून घेतलं, खिडकीवरचा बाबू म्हणाला, घरी काही वाईट झालं का? मी म्हटलं, चांगलं झालंय, म्हणून जात नाही. त्याला काही कळलं नाही. उरले ते मनिऑर्डरने तुझ्या नावावर पाठवतोय. बंगलोरला उतरल्यावर टांगेवाला एकट्या बाईला जास्त सांगेल. घासाघीस करत बसू नकोस, ऐटीत देऊन टाक. मनिऑर्डर एकोणीस रुपये पंच्याहत्तर नये पैशांची आहे.

दौलत